वाट पाहणारें घर : कै. नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई

मंडळींत लग्न ठरतें तेव्हां मानपान, कपडालत्ता, जेवणावळ यांविषयींचें बोलणें चारचौघांसमोर होतें. परंतु नवऱ्यानें बायकोपासून व बायकोनें नवऱ्यापासून मनांत काय धरलें आहे, हें कोणी विचारीत नाहीं व कोणी सांगतहि नाहीं. पुढें वर्ष दोन वर्षांनीं तेंच न बोललेलें देणें घरांत भांडण होऊन उभें राहतें, आणि मग पाळकसाहेबांस किंवा उपदेशकास बोलावणें येतें. ज्या उपदेशक बंधूंस अशीं बोलावणीं वारंवार येतात त्यांच्यासाठीं, व ज्या घरांतून तीं येतात त्या घरांसाठीं, आम्ही आज कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें चरित्र थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. टिळकांचीं गीतें आमच्या मंडळ्यांतून गाइलीं जातात. पण तीं रचणाऱ्या पुरुषाचें स्वतःचें घर सुमारें पांच वर्षें मोडल्यासारखें होतें, ही गोष्ट गाणाऱ्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसते.

मुंबईच्या उपनगरांतील वाचकांस ती विशेष जवळची वाटेल. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर येथें नगर व नाशिक या बाजूंचीं ख्रिस्ती कुटुंबें पुष्कळ आहेत. कोणाचा नवरा घाटकोपरास खोली घेऊन राहतो व बायको गांवीं शेतीजवळ असते. कोठें बायको बोरीवलीस दवाखान्यांत कामाला लागली व नवरा गांवच्या शाळेंत मास्तर राहिला. आतां पत्राच्या जागीं फोन आला आहे, तरी दूर राहणाऱ्या माणसाच्या मनांत काय आहे हें कळण्याची अडचण जुनीच आहे. टिळकांच्या काळीं हीं चारहि ठिकाणें ठाणें जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यांतील लहान गांवें होतीं. नाशिक-नागपूरकडून मुंबईस येणारी आगगाडी तेव्हांहि मुलुंड व घाटकोपर ओलांडूनच येत असे, आणि त्याच लोखंडी रस्त्याच्या एका टोकाला टिळक व दुसऱ्या टोकाला त्यांचें कुटुंब अशी ती ताटातूट झाली होती.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं कोंकणांत करजगांव येथें झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते. स्वभाव तापट, माया असली तरी ती मुलांस दिसत नसे. आई जानकीबाई भाविक, मृदु व कवितेची आवड असलेली. ती टिळक लहान असतांच वारली, आणि मग त्या घरांत त्यांस राहवेना. ते घर सोडून नाशिकास आले. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांचा संस्कृताचा अभ्यास झाला, कांहीं काळ इंग्रजी शाळाहि झाली, आणि वक्तृत्व व काव्य हीं दोन्ही अंगीं आलीं. परंतु ज्याचें घर बाळपणींच सुटलें त्याला घरांत स्थिर बसण्याची संवय लागली नाहीं, हें पुढील सर्व चरित्रांत ध्यानांत ठेवावें लागतें.

१८८० च्या सुमारास त्यांचें लग्न झालें. वधू नाशिकाजवळील जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका. तिचा जन्म १ जून १८६८ चा, म्हणजे लग्नांत वय अकरा. सासरीं तिचें नांव लक्ष्मी ठेविलें. तिच्या माहेरची हकीकत निराळीच होती. सत्तावन सालच्या बंडाच्या धामधुमींत तिच्या आजोबांस फांशी झाली, आणि त्या धक्क्यानें तिच्या वडिलांच्या मनांत विटाळाचें भय असें कांहीं बसलें कीं, बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत येत नसे. माणसांनाहि तोच नियम. अशा रीतीनें जेथें प्रत्येक गोष्टीला नियम होता त्या घरांतून ही मुलगी निघाली, आणि जेथें कोणत्याच गोष्टीला नियम नव्हता अशा संसारांत येऊन पडली.

कारण टिळकांचें सगळें वाऱ्यासारखें. मनांत आलें कीं उठून चालूं लागावें. कोठें जातों, केव्हां येतों, हें घरीं सांगावें असें त्यांस सुचतच नसे. आज शिक्षक, उद्यां पुराणिक, परवां कोणा मासिकाचे संपादक. हातीं पैसा आला तर तो वाटेंत भेटलेल्या पहिल्या गरजवंताचा होई, आणि घरांत मीठ आहे कीं नाहीं याची चौकशी त्यानंतर. राग आला तर क्षणांत, उतरला तर क्षणांत. अशा पुरुषापासून लक्ष्मीबाईंनीं काय अपेक्षावें? महिन्याचा शिधा, डोक्यावर छप्पर, सांजेला माणूस घरीं, एवढेंच. यांत आम्हांस तरी कांहीं अवाजवी दिसत नाहीं. आणि टिळकांची अपेक्षा? बायकोनें लिहावें, वाचावें, कविता समजावी, आपल्या विचारांबरोबर धांवावें. त्यांनीं तिला लिहावयास वाचावयास लावलें, हा त्यांचा मोठा उपकार. पण आपण ज्या वेगानें चालतों त्या वेगानें सगळ्यांनीं चालावें, हा त्यांचा हट्ट होता. दोघांच्याहि मागण्या चांगल्याच होत्या. चांगल्या मागण्यांनींहि घरें मोडतात, हें उपदेशक बंधूंनीं पाहिलें असेलच.

पुढें टिळक नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास राहिले. तेथें संस्कृत ग्रंथांचें काम केलें, ‘ऋषि’ नांवाचें मासिक चालविलें. याच काळांत त्यांच्या मनांत हिंदुस्थानासाठीं एक नवा धर्म काढण्याचें घोळूं लागलें. त्याचीं तत्त्वेंहि त्यांनीं मनाशीं जुळविलीं होतीं. १८९३ च्या सुमारास राजनांदगांव संस्थानाकडे जात असतां आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाची गांठ पडली. बोलणें कवितेवरून धर्मावर आलें. उतरतांना त्या गृहस्थानें त्यांस पवित्र शास्त्राची एक प्रत दिली आणि तुम्ही दोन वर्षांच्या आंत ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. टिळकांस तें हास्यास्पद वाटलें. परंतु घेतलेलें पुस्तक वाचण्याचा शब्द दिला होता, म्हणून वाचावयास बसले. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं ते आले, आणि जो धर्म आपण रचूं पाहत होतों तो तेथें पूर्वींच सांगून ठेविलेला आहे असें त्यांस दिसलें.

तरी पाऊल उचलावयास दोन वर्षें गेलीं. भीति लोकांची फारशी नव्हती. भीति होती ती बायको व मुलगा दुरावतील ही. मुलगा दत्तु १८९१ सालीं जन्मलेला, फार लहान. शेवटीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मिशनच्या मंडळींत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ठरलेल्या दिवसाची कल्पना घरीं दिलेली नव्हती. येथें आम्ही टिळकांचा कैवार घेणार नाहीं. प्रभूच्या मागें जाण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं हें खरें. पण जिच्या आयुष्याची उलथापालथ व्हावयाची तिला ती दुसऱ्यांच्या तोंडून कळावी, हें कठीण होतें. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलें. नवरा जिवंत असून त्या विधवेसारख्या झाल्या. कुंकू होतें, घर नव्हतें. नाशिक, जलालपूर, पंढरपूर, जेथें नातलगांनीं थारा दिला तेथें त्या मुलाला घेऊन राहिल्या. त्या दुःखांत त्या कविता करूं लागल्या.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही हें चरित्र सांगावयास घेतलें ती येथून सुरू होते. १८६६ सालचा एक कायदा तेव्हां चालू होता (आतां तो रद्द झाला आहे). हिंदु मनुष्य ख्रिस्ती झाल्यावर त्याच्या धर्मांतरामुळें बायको किंवा नवरा सहा महिने दूर राहिला, तर त्यास कोर्टांत जातां येई. कोर्ट दुसऱ्या पक्षास विचारासाठीं आणखी एक वर्ष देई, आणि तरीहि नकार कायम राहिला तर विवाह मोडून दुसरें लग्न करण्यास मोकळीक मिळे. म्हणजे दोन वर्षांच्या आंतबाहेर टिळकांस नवा संसार थाटतां आला असता. वय तेहतीस, विद्वत्ता मोठी, मिशनांत मान. तेव्हां टिळक त्या कायद्याच्या वाटेस गेले नाहींत ही गोष्ट लहान नव्हे. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत अशाच घरांविषयीं सल्ला दिला आहे: विश्वास न धरणारी पत्नी एकत्र नांदावयास राजी असेल तर विश्वासणाऱ्यानें तिला सोडूं नये. येथें तर ती नांदावयासहि राजी नव्हती. तरीहि टिळकांनीं दार लावून घेतलें नाहीं.

ते नगरास मिशनच्या कामांत राहिले, डॉ. ह्यूम यांच्या ईश्वरविज्ञान शाळेंत शिकवीत. तिकडून पत्रें जात, इकडून उत्तरें येत. रागाचीं, रडण्याचीं, आणि कधीं कवितेंतूनहि. आम्हांस वाटतें, टिळकांच्या आयुष्यांतील धीराचें काम हेंच. जो मनुष्य एका गांवीं वर्षभर टिकत नसे, तो एका गोष्टीसाठीं सुमारें पांच वर्षें थांबला. त्यांनीं आशा सोडली नाहीं. पण आशेचें हप्त्यानें देणें वसूल करावें तसें तगादे लावणें सोडलें. मार्काच्या चौथ्या अध्यायांतला शेतकरी बीं टाकून निजतो व उठतो, आणि तें कसें उगवतें हें त्याला ठाऊक नसतें. नगरकडील आमच्या शेतकरी बंधूंस हें सांगावयास नको. रब्बीची ज्वारी पेरल्यावर रोज उकरून पाहणारा शहाणा समजला जात नाहीं. बाप्तिस्म्यापूर्वीचे टिळक रोज उकरून पाहणाऱ्यांपैकीं होते.

शतकाच्या अखेरीस लक्ष्मीबाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे राहावयास आल्या. त्या ख्रिस्ती होण्यास आल्या नव्हत्या, नवऱ्याजवळ राहावयास आल्या होत्या, आणि टिळकांनीं तेवढेंच पुरेसें मानलें. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळें, देवधर्म वेगळा. ख्रिस्ती पुढाऱ्याच्या घरांत हिंदु चूल! आजूबाजूच्या मंडळींत कुजबूज झाली नसेल असें कोण म्हणेल? आमच्या एखाद्या उपदेशकाच्या घरीं असें घडतें तर आम्ही काय बोललों असतों, याचा वाचकांनींच विचार करावा. टिळकांनीं तिच्या सोंवळ्यास हात लावला नाहीं. फार काय, ज्या सोंवळ्याच्या भयानें तिचें बाळपण करपलें होतें, तें सोडण्याची मागणी जर नवऱ्यानें केली असती, तर बापाच्या नियमाच्या जागीं नवऱ्याचा नियम एवढाच फरक तिला दिसला असता.

आणि मग तें आपोआप घडलें. कोणी न शिकवितां लक्ष्मीबाई एके दिवशीं विचार करूं लागल्या कीं, ह्या जाती देवानें केल्या कीं माणसांनीं? पशुपक्ष्यांत त्यानें वेगळाले प्रकार उघड दिसतील असे केले. माणसांमाणसांत तसा फरक कोठें आहे? विचार पक्का झाला तशी त्यांनीं कोणाच्याहि हातचें खाण्यापिण्यास आरंभ केला. विश्वास त्यानंतर आला. १९०० सालीं त्यांचा व दत्तूचा बाप्तिस्मा झाला. त्या वेळीं छप्पन्नच्या दुष्काळानें नगरकडे हाहाकार चालला होता, व पुढें त्यांच्या घरांत निराधार मुलेंहि वाढूं लागलीं. जिच्या माहेरीं परका मनुष्य उंबऱ्याशीं थांबत असे, तिच्याच पंक्तीला आतां कोणाचींहि मुलें बसत.

पण येथें गोष्ट संपवून सर्व गोड झालें असें सांगणें खोटें होईल. टिळक बाप्तिस्मा झाल्यावर सांभाळून खर्च करणारे झाले नाहींत. पगार येण्यापूर्वीं जाण्याची त्याची वाट ठरलेली असे. अचानक उठून जाणें चालूच राहिलें, आणि रागहि. बदल झाला तो एवढा कीं, भांडण झाल्यावर आधीं कोण बोलावयाचें याचा हिशेब त्या घरांत राहिला नाहीं. उधळ्या पुत्राच्या दाखल्यांतील वडील भावानें आपण केलेल्या चाकरीचीं वर्षें मोजून ठेविलीं होतीं व मिळालें नाहीं तें करडूंहि मोजून ठेविलें होतें. लक्ष्मीबाईंजवळ मोजावयास पुष्कळ होतें. त्यांनीं तें मोजलें नाहीं, विसरल्याहि नाहींत. पुढें त्यांनीं त्या सगळ्याची हंसून गोष्ट केली.

टिळकांच्या त्या धीराचें फळ दुसऱ्यांसहि मिळालें. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन झालें. तेथें गाजलेला तरुण कवि त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ज्यास महाराष्ट्र बालकवि म्हणून ओळखतो, पुढें टिळकांच्या घरीं येऊन राहिला. लक्ष्मीबाईंनीं त्यास पोटच्या मुलासारखें वागविलें. तो हिंदु होता व हिंदूच राहिला. ख्रिस्ती घराचें अन्न खातो म्हणून त्यानें ख्रिस्ती व्हावें, अशी अट त्या घरांत नव्हती. ५ मे १९१८ रोजीं भादली येथें आगगाडीखालीं सांपडून तो तरुणपणींच गेला.

मंडळीविषयीं मात्र टिळकांस तो धीर धरतां आला नाहीं, असें आम्हांस म्हणावें लागतें. तुकारामाच्या वाटेनें आपण ख्रिस्तापर्यंत आलों असें ते मानीत, आणि मराठी मंडळीनें भजन, कीर्तन, अभंग यांतून मराठमोळ्या रीतीनें प्रभूची उपासना करावी, परदेशी पैशावर व परदेशी चालीवर टेकूं नये, ही त्यांची तळमळ होती. १९१२ पासून मृत्यूपर्यंत ते ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे संपादक होते. त्यांतून त्यांनीं हें वारंवार मांडलें. विचार बरोबर होता. परंतु मंडळी त्यांच्या चालीनें चालेना, तसे ते व्याकुळ होत. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ति धरली, आणि साताऱ्यास देवाचा दरबार स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, जे कोणी ख्रिस्तास गुरु मानतील त्या सर्वांचा तो बंधुसंघ व्हावयाचा होता. त्यांच्या मनांत होते तेवढे लोक त्यांत आले नाहींत. आणि घरीं ठराविक पगार येणें बंद झालें, त्याचा भार कोणावर पडला हें लिहावयास नको. पत्नीस मोकळें सोडणाऱ्या टिळकांनीं त्या वेळीं पत्नीचा पुरता विचार केला होता काय, हा प्रश्न कोणी विचारला तर आमच्याजवळ टिळकांच्या बाजूचें चांगलें उत्तर नाहीं.

हें आम्ही त्यांचें तेज कमी करावें म्हणून लिहीत नाहीं. उपदेशक बंधूंपैकीं कित्येकांचें असेंच असतें: घरांतल्या माणसाविषयीं प्रभूनें शिकविलेला धीर मंडळीच्या सभेंत हरवतो, किंवा मंडळींत दाखविलेला धीर घराच्या उंबऱ्याशीं गळून पडतो. एकदां शिकलेला धडा दुसऱ्या ठिकाणीं पुन्हां पहिल्यापासून गिरवावा लागतो. टिळकांस तो गिरविण्यास वेळ थोडा मिळाला. प्रकृति ढासळली, त्यांस मुंबईस जे. जे. इस्पितळांत आणलें, आणि ९ मे १९१९ रोजीं तेथें त्यांचें देहावसान झालें. ज्या मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला त्याच मुंबईंत, चोवीस वर्षांनीं.

लक्ष्मीबाई मागें सतरा वर्षें जगल्या. मुलगा देवदत्त, म्हणजे आमचा तो दत्तु, वडिलांचें चरित्र लिहावयाच्या विचारांत होता. त्यासाठीं आईनें आठवणी लिहून द्याव्या असें त्यानें सुचविलें. शाळेंत न गेलेल्या बाईनें लिहावयास आरंभ केला, आणि १९३४ ते १९३६ या वर्षांत ‘स्मृतिचित्रें’ हा ग्रंथ चार भागांत बाहेर आला. मराठींतील उत्तम आत्मचरित्रांत तो आज गणला जातो. टिळकांचे सगळे दोष त्यांत आहेत. न कळवितां जाणें आहे, रिकामा डबा आहे, रागहि आहे. वाचतांना मात्र वाचकाला टिळकांचा राग येत नाहीं. ज्यांच्या घरीं जुनीं भांडणें अजून शिळीं होत नाहींत, त्यांनीं हा ग्रंथ मंडळीच्या पुस्तकपेटींतून मागून घेऊन संध्याकाळीं मोठ्यानें वाचावा. पेटींत नसेल तर पाळकसाहेबांनीं तो मागवावा.

टिळकांनीं प्रभूचें चरित्र ओवींत रचावयास घेतलें होतें, ‘ख्रिस्तायन’ या नांवानें. सुमारें दहा अध्याय झाल्यावर तें काम अपुरें राहिलें. नवऱ्याबरोबर धांवतां येत नाहीं म्हणून जिनें एके काळीं बोलणीं ऐकलीं, तिनें म्हातारपणीं तें काम हातीं घेतलें आणि साठांहून अधिक अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. शेवट मुलानें जोडला, आणि १९३८ सालीं तो ग्रंथ छापून निघाला.